हिरोशिमाचं अणुबॉम्ब संग्रहालय: २०० येनच्या तिकिटात काय मिळतं आणि काय राहून जातं

हिरोशिमा शांती स्मारक संग्रहालयाचं मोठ्यांचं तिकीट २०० येन आहे. शहरातल्या ट्रामचं भाडं याहून जास्त पडतं. उच्च माध्यमिकच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना १०० येन, त्याखालच्या मुलांना मोफत. पैशांचा प्रश्न इथे येतच नाही, प्रश्न येतो वेळेचा आणि पायांतल्या ताकदीचा. बॉम्बने माणसाच्या शरीराचं काय केलं हे दाखवण्यात या संग्रहालयाचा हात धरणारं दुसरं ठिकाण नाही. पण बॉम्ब बनला कसा, तो याच शहरावर का पडला आणि पुढे जगाचं काय झालं, हा भाग शेवटी येतो. तिथवर पोचेपर्यंत बघणाऱ्यात त्राण उरलेलं नसतं. त्यामुळे इथे कसं जावं, हे काय बघावं याइतकंच महत्त्वाचं आहे.

आधी जाण्याचं. हिरोशिमा स्टेशनवरून २ किंवा ६ क्रमांकाची ट्राम पकडून 'गेनबाकु डोमु-माए' थांब्यावर उतरायचं. साधारण वीस मिनिटं लागतात. उतरताच समोर अणुबॉम्ब डोम, म्हणजे स्फोटानंतर सांगाडाच उरलेली घुमटाची इमारत, दिसतो. तिथून बागेतून चालत संग्रहालयापर्यंत आणखी सात-आठ मिनिटं. संग्रहालय सकाळी ७:३० ला उघडतं. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते: हिवाळ्यात संध्याकाळी ६, एरवी ७, ऑगस्टमध्ये ८. शेवटचा प्रवेश त्याआधी अर्धा तास. सकाळचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तास हा ऑनलाइन आरक्षण केलेल्यांसाठी राखलेला असतो. हे आरक्षण करणं ही इथली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. वर्षाला २० लाखांहून अधिक लोक येऊ लागल्यापासून दहा ते दोनच्या दरम्यान मुख्य इमारतीत अक्षरशः रांगेने सरकावं लागतं. त्यात वसंतात आणि शरद ऋतूत शाळांच्या सहली येतात. पेटीतल्या वस्तूपेक्षा पुढच्याची पाठच जास्त दिसते. ७:३० च्या तुकडीत गेलात तर तीच दालनं शांतपणे बघता येतात. वर्षअखेरीस ३० आणि ३१ डिसेंबरला संग्रहालय बंद असतं.

ऑडिओ गाइड ४०० येनला मिळतो, म्हणजे तिकिटाच्या दुप्पट. घ्यावा का? मुख्य इमारतीसाठी गरज नाही. तिथल्या वस्तू आणि त्यांच्याखालच्या दोन ओळी पुरतात, कानात आवाज असला तर उलट अडथळाच होतो. मात्र पूर्वेकडच्या इमारतीतला इतिहासाचा भाग समजून घ्यायचा असेल तर तो उपयोगी पडतो. फलक जपानी आणि इंग्रजीत आहेत.

दोन इमारती आहेत. प्रवेश पूर्व इमारतीतून होतो. सरकत्या जिन्याने वर गेलं की युद्धाआधीच्या हिरोशिमाचे मोठे फोटो लागतात, आणि मग शहराचा एक गोल पांढरा नकाशा-देखावा. त्यावर वरून चित्रफीत पडते: नद्यांची सात बोटं, कौलारू घरं, विमानातून सुटलेला बॉम्ब, क्षणात करडं झालेलं शहर. गर्दी इथे थबकते. एक पूर्ण फेरी बघून पुढे जावं, दुसरीसाठी थांबू नये.

या देखाव्यापाशी काही आकडे डोक्यात असतील तर पुढचं सगळं जागेवर बसतं. बॉम्ब ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ८:१५ ला जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. लक्ष्य होतं टी आकाराचा आइओइ पूल. स्फोट झाला तिथून अडीच-तीनशे मीटरवर, शिमा रुग्णालयाच्या डोक्यावर. ताकद सुमारे १५ किलोटन, म्हणजे १५ हजार टन टीएनटी या स्फोटकाइतकी. एका सेकंदात आगीचा गोळा २८० मीटर व्यासाचा झाला. त्याच्या बरोबर खाली जमिनीचं तापमान ३,००० ते ४,००० अंश सेल्सिअसपर्यंत गेलं. ऊर्जेचा ढोबळ हिशेब असा: निम्मी धक्क्यात, सुमारे ३५ टक्के उष्णतेत, १५ टक्के किरणोत्सर्गात. बॉम्बमधल्या सुमारे ६४ किलो युरेनियमपैकी जेमतेम एका किलोचंच विखंडन झालं, म्हणजे अणू फुटले. अभियांत्रिकीच्या भाषेत हा अत्यंत वाया घालवणारा बॉम्ब होता, आणि तरीही वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं गेली. शहराचा हा अंदाज दहा हजार इकडे-तिकडे धरून आहे. अचूक आकडा कधीच मिळणार नाही, कारण नोंदी ठेवणारी कार्यालयं आणि माणसं दोन्ही जळाली.

पुलासारख्या सज्जातून मुख्य इमारतीत शिरायचं. वास्तुकार केन्झो तांगे यांची ही इमारत १९५५ मध्ये उघडली. खांबांवर उचललेली, खालून बाग आरपार दिसणारी. आतली मांडणी मात्र २०१९ ची आहे आणि ती बदलण्यामागे एक ठाम निर्णय होता. पूर्वी इथे कातडी लोंबणाऱ्या जळालेल्या माणसांचे पुतळे होते. २०१७ मध्ये ते काढले, तेव्हा बरीच ओरड झाली. लोकांना वाटलं, भयानकता सौम्य केली जातेय. प्रत्यक्षात झालं उलट. पुतळा बघून माणूस दचकतो आणि पुढे जातो. खरा फाटका शर्ट, त्याखाली मुलाचं वय, घरापासून किती अंतरावर तो सापडला आणि किती दिवसांनी गेला, हे वाचून पाय हलत नाहीत. निर्णय बरोबर होता.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो पहिल्या मोठ्या दालनातल्या कपड्यांना. हे गणवेश कुणाचे हे कळायला थोडी पार्श्वभूमी लागते. त्या सकाळी शहरात ८ हजारांवर शाळकरी मुलंमुली घरं पाडण्याच्या कामावर होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून वस्तीत रिकामे पट्टे पाडले जात होते. काम उघड्यावरचं, सकाळचं, आणि बरंचसं शहराच्या मध्यात. त्यांच्यातली सुमारे ६ हजार मेली. मृतांमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलांचं प्रमाण इतकं का, याचं उत्तर एवढंच आहे. फलकावर ते आहे, पण गर्दीत नजरेतून निसटतं.

माणसाची सावली उमटलेली दगडी पायरी बघायला सगळेच येतात. सुमितोमो बँकेच्या दाराची ही पायरी स्फोटाखालच्या बिंदूपासून २६० मीटरवर होती. बँक उघडायची वाट बघत कुणीतरी तिच्यावर बसलं होतं. 'माणसाची वाफ झाली आणि सावली उरली' असं इथे कुजबुजताना बरेचदा ऐकू येतं. ते तसं नाही. उष्णतेच्या झोताने आजूबाजूचा दगड पांढुरका पडला, आणि शरीराच्या आडोशाची जागा गडद राहिली. माणसाचा देह इतक्या क्षणात वाफ होत नाही. सावलीच्या कडा जितक्या ठळक, तितका झोत सरळ रेषेत आणि थोडा वेळ आला असं समजायचं. याच कारणाने काही जणींच्या अंगावर किमोनोच्या नक्षीप्रमाणे भाजल्याचे डाग उठले. गडद रंगाने उष्णता शोषली, पांढऱ्याने परतवली. तोही फोटो इथे आहे.

फोटोंमध्ये मियुकी पुलावरचे दोन चुकवू नयेत. त्या दिवशी शहरात काढलेले म्हणून ज्ञात असलेले जे मोजके फोटो आहेत त्यांत योशितो मात्सुशिगे या वृत्तपत्र-छायाचित्रकाराचे पाच येतात. त्यांतले हे दोन, स्फोटाखालच्या बिंदूपासून दोन किलोमीटरपलीकडचे. चेहरे दिसत नाहीत, बहुतेकांच्या पाठीच दिसतात. मोठ्या आकारात लावल्यामुळे कळतं की लोक भाजलेल्या जागी तेल लावून घेत आहेत.

किरणोत्सर्गाचा भाग मुख्य इमारतीतच येतो आणि नेटका मांडलाय. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसांचे केस गळणं, अंगावर जांभळे ठिपके, हिरड्यांतून रक्त, ताप आणि मग मृत्यू. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात याची लाट आली. त्यानंतर ल्युकेमिया, ज्याचं प्रमाण सहा-सात वर्षांनी सर्वाधिक झालं, आणि मग इतर कर्करोग, ज्यांचा धोका आयुष्यभर राहिला. सादाको सासाकी दोन वर्षांची असताना बॉम्ब पडला, १९५५ मध्ये बाराव्या वर्षी ती ल्युकेमियाने गेली. तिने घडी घातलेले कागदी क्रौंच इथे आहेत, आणि ते फोटोत वाटतात त्याहून फारच छोटे आहेत. औषधांच्या पुड्यांचे कागदसुद्धा तिने वापरले होते.

एक गोष्ट मात्र खटकते. हे सगळं ज्ञान आलं कुठून, याची कहाणी इथे हवी तेवढ्या जोरात सांगितलेली नाही. अमेरिकेने १९४७ मध्ये अणुबॉम्ब हानी आयोग स्थापला. त्याचे डॉक्टर वाचलेल्यांना तपासत, मोजत, नोंदी ठेवत. उपचार करत नसत. 'आम्हाला गिनीपिग केलं' ही तक्रार शहरात कायम राहिली. त्याच आयोगाची १९७५ मध्ये जपान आणि अमेरिकेची संयुक्त संस्था झाली, आणि तिच्या सुमारे १,२०,००० माणसांच्या दीर्घ अभ्यासावर आज जगभरच्या किरणोत्सर्ग-मर्यादा उभ्या आहेत. क्ष-किरण खोलीत तंत्रज्ञ किती मात्रा घेऊ शकतो, हे या लोकांच्या शरीरांवरून ठरलंय. वाचलेल्यांना नंतर झालेल्या मुलांमध्ये आनुवंशिक परिणाम या अभ्यासात आजवर स्पष्टपणे दिसलेले नाहीत. हे ठळक अक्षरांत भिंतीवर असायला हवं होतं, कारण याच भीतीपोटी हिबाकुशांच्या, म्हणजे बॉम्बमधून वाचलेल्यांच्या, मुलांची लग्नं मोडली.

मुख्य इमारतीतून बाहेर पडताना काचेची एक लांब गॅलरी लागते. बाकांवर बसा. समोर स्मृतिवेदीची कमान, तिच्यातून दिसणारी ज्योत आणि तिच्यामागे डोम, तिन्ही एका रेषेत. ही रेषा तांगेंनीच आखली. इथे किमान दहा मिनिटं थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पुढेच सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे आणि तो थकल्या डोळ्यांनी वाचवत नाही. बरेच लोक पूर्व इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर परत आले की थेट जिन्याकडे वळतात. तिथेच त्यांच्या तिकिटातला अर्धा भाग वाया जातो.

या मजल्यावर बॉम्बची निर्मिती, वापराचा निर्णय आणि नंतरची अण्वस्त्रस्पर्धा आहे. मांडणी कोरडी आहे, टच-स्क्रीनवर बोट फिरवत बसावं लागतं. आत जाण्याआधी काही टप्पे माहीत असले तर हे पटकन उलगडतं. आइनस्टाइनच्या सहीचं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टना पत्र ऑगस्ट १९३९ चं. बॉम्ब बनवण्याचा मॅनहॅटन प्रकल्प लष्कराच्या ताब्यात १९४२ मध्ये, जनरल ग्रोव्ह्ज प्रमुख, लॉस अलामोसची प्रयोगशाळा ओपनहायमरकडे. २ डिसेंबर १९४२ ला शिकागोत फर्मीच्या चमूने पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवली. युरेनियम ओक रिजला वेगळं केलं, प्लुटोनियम हॅनफोर्डला तयार झालं. खर्च सुमारे २०० कोटी डॉलर, आणि त्यातला फारच मोठा वाटा या दोन कारखान्यांचा; वैज्ञानिकांच्या फळ्यावरचं गणित तुलनेने स्वस्त होतं. हेच पुढच्या अण्वस्त्रप्रसाराचंही मर्म आहे: अवघड असतं ते इंधन, आकृती नव्हे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय तपासण्या आजही युरेनियम आणि प्लुटोनियमच्या साठ्यांवर नजर ठेवतात.

जर्मनीच्या भीतीने सुरू झालेला प्रकल्प जपानवर का वळला? मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आली, त्याच महिन्यात लक्ष्य-समिती जपानी शहरं निवडत होती. क्योतो यादीत वर होतं. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिम्सन यांनी ते हट्टाने काढायला लावलं. हिरोशिमा निवडलं गेलं कारण तिथे लष्करी मुख्यालय होतं, आकार योग्य होता, टेकड्यांमुळे धक्का परतून वाढेल असा हिशेब होता, आणि मुख्य म्हणजे त्यावर तोवर मोठा हवाई हल्ला झालेला नव्हता. शहर शाबूत ठेवलं गेलं ते बॉम्बचा परिणाम मोजता यावा म्हणून. जूनमध्ये शिकागोच्या काही वैज्ञानिकांनी फ्रँक अहवालात पूर्वसूचनेशिवाय वापराला विरोध केला. तो मानला गेला नाही. १६ जुलैला न्यू मेक्सिकोत चाचणी, २६ जुलैला जपानला शरण यायला बजावणारा पॉट्सडॅम जाहीरनामा, ६ आणि ९ ऑगस्टला बॉम्ब, त्याच ९ तारखेच्या पहाटे सोव्हिएत फौजा मांचुरियात, १५ ला शरणागती. जपान बॉम्बमुळे झुकला की रशियामुळे, हा वाद इतिहासकारांत अजून चालू आहे. ऑगस्टमधल्या या चार घटना इतक्या चिकटून आहेत की तो चालू राहणारच.

जपानने स्वतः काय केलं, हा विषय मात्र संग्रहालय पटकन उरकतं. दुसऱ्या मजल्यावर हिरोशिमा लष्करी शहर कसं होतं, इथून फौजा चीनकडे कशा निघत, हे आहे. पण ते स्थानिक इतिहासाच्या सुरात येतं. कोरियन मृतांचंही तसंच. शहरात त्या वेळी हजारो कोरियन होते, त्यांतले बरेच सक्तीने आणलेले. त्यांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते बागेच्या बाहेर. आत यायला १९९९ उजाडावं लागलं.

तळमजल्यावर निघता निघता एक घड्याळ आहे. वर हिरोशिमानंतरचे दिवस, खाली शेवटच्या अणुचाचणीनंतरचे. यात स्फोटाविना केलेल्या प्रयोगशाळेतल्या चाचण्याही धरतात, त्यामुळे खालचा आकडा अपेक्षेपेक्षा लहान निघतो. पुस्तकांच्या दुकानात घाई करू नका. वाचलेल्यांनी काढलेल्या चित्रांचे संग्रह इथे चांगले मिळतात.

संग्रहालयाच्या उणिवा बाहेर फुकटात भरून निघतात, आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. बाग म्हणजे मुळात बाग नव्हे, नाकाजिमा ही दाट वस्ती होती. मुख्य इमारतीजवळच्या छोट्या दालनात खणून काढलेला जळका रस्ता आणि घरांचा पाया दिसतो. ते २०२२ मध्ये उघडलं. बागेतल्या विश्रामगृहाचं तळघर बघता येतं: स्फोटाखालच्या बिंदूपासून १७० मीटरवर, आणि त्या क्षणी कागदपत्रं आणायला खाली उतरलेला एक माणूस जिवंत राहिला. काँक्रीट आणि मातीचा थर किती वाचवू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. राष्ट्रीय स्मृती-सभागृहात जमिनीखालच्या गोल भिंतीवर जळालेल्या शहराचं दृश्य आहे, १,४०,००० फरशांचं, मृतांइतक्या. शिमा रुग्णालयाबाहेरचा फलक मागच्या गल्लीत आहे, शोधावा लागतो. 'इथे किरणोत्सर्ग अजून आहे का' असं बरेच जण विचारतात: स्फोट उंचावर झाल्याने आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही, किरणोत्सारी द्रव्य बरंचसं वर गेलं आणि विखुरलं. आज तिथली पातळी इतर कुठल्याही शहराइतकी आहे. स्फोटानंतर पडलेल्या किरणोत्सारी काळ्या पावसाने भिजलेल्या गावांचा दावा मात्र २०२१ पर्यंत न्यायालयात होता, आणि तो त्यांनी जिंकला.

स्मृतिवेदीवरचा लेख मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळेल. जपानीत त्याला कर्ता नाही: 'शांतपणे विसावा, चूक पुन्हा करणार नाही.' मराठीतलं 'करणार नाही' हेही मी, आम्ही, तो, ती, यांपैकी कुणालाही चालतं. इंग्रजी भाषांतरात मात्र 'आम्ही' घालावं लागलं. जपानी नेत्यांवरच्या टोकियो युद्धगुन्हे खटल्यात वेगळा निकाल देणारे भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल १९५२ मध्ये इथे आले तेव्हा याच जागेवर अडले: चूक केली कुणी? वाद तेव्हापासून आहे.

एकच दिवस असेल तर ७:३० चं आरक्षण, मुख्य इमारतीला दीड तास, गॅलरीत विश्रांती, मग तिसऱ्या मजल्याला पूर्ण तास, दुपारी बाहेरच्या जागा. ठरलेला मार्ग मुख्य इमारतीतूनच जातो, हे लहान मुलांबरोबर जाताना लक्षात ठेवावं. दहा वर्षांखालच्यांना बाहेरच्या जागा आणि मुलांचं स्मारक पुरे.

दोन दिवस असतील तर दुसरा नागासाकीला द्या. तिथलं संग्रहालय १९९६ चं, तिकीट तेवढंच, गर्दी पुष्कळ कमी. १ किंवा ३ क्रमांकाची ट्राम, थांबा 'गेनबाकु शिर्योकान'. ११:०२ ला थांबलेलं घड्याळ, उराकामी कॅथेड्रलच्या भिंतीची प्रतिकृती, वाकलेले पोलादी खांब आणि नागासाकीवर पडलेल्या 'फॅट मॅन' बॉम्बची पूर्ण आकाराची प्रतिकृती. सव्वातीन मीटर लांब, दीड मीटर जाड, प्लुटोनियमचा गोळा त्याच्या पोटात जेमतेम मुठीएवढा. मूळ लक्ष्य कोकुरा होतं, ढग आणि धुरामुळे ते वाचलं. नागासाकीचा बॉम्ब जास्त ताकदीचा, सुमारे २१ किलोटन, पण डोंगरांनी उराकामीचं खोरं वेढलेलं असल्याने शहराचा एक भाग आडोशाला राहिला. तरी वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसं गेली. हिरोशिमाला जे कमी पडतं ते इथे आहे: चीनमधल्या युद्धापासून सुरू होणारा इतिहासाचा भाग, आणि अण्वस्त्रांच्या इतिहासाचं नीट जोडलेलं दालन. संग्रहालयातून पायऱ्या उतरून खाली गेलं की स्फोटाखालच्या बिंदूवरचा काळा स्तंभ, आणि ओढ्याच्या काठाशी काचेमागे १९४५ ची जमीन: फुटकी कौलं, विटा, वितळलेली काच, जशी होती तशी. तिथे तिकीट नाही, रांगही नाही.